श्रुतीच्या नगरीत कानांची परीक्षा

परमुलखात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्यासारख्यांना आईवडिलांचा सहवास घडतो तो बहुधा फोनवरूनच. रविवारी सकाळी घंटा वाजते, दोन्हीकडून खुशाली विचारली जाते, पावसापाण्याचे बोलणे होते, आणि ‘बरे आहे, जपून राहा’ या शब्दांनी संभाषण संपते. हे संभाषण हळूहळू आखूड होत चालले, पलीकडून ‘हो, हो’ एवढेच उत्तर येऊ लागले, की आपण समजतो, वडील थकले. किंवा मनाला लावून घेतो, की आपल्यावर त्यांचा राग आहे. आपले बोलणे त्यांना ऐकूच येत नसेल, ही शंका फार उशिरा येते. लंगडेपण दिसते, आंधळेपण दिसते. बहिरेपण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते स्वभावाचे रूप घेऊन येते. म्हातारा हट्टी झाला, म्हातारी संशयी झाली, असे घरातली माणसे म्हणतात, आणि बिचाऱ्या कानांवरचा आरोप स्वभावावर जाऊन बसतो.

हे विचार आमच्या मनात आले ते काशीस. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त आमचा तेथे मुक्काम होता. काशीतला मराठी माणूस परका नाही, हे वाचकांस सांगावयास नको. भोसले घाट, शिंदे घाट, अहिल्याबाई घाट ही नावेच त्याची ओळख देतात. विश्वेश्वराचे आजचे मंदिर अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारले. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरातील अरुंद गल्ल्यांत अजूनही दारांवर मराठी आडनावे वाचावयास मिळतात, आणि एखाद्या माडीवरून पहाटे वेदपठणाचा स्वर खाली येतो. अशाच एका घरी आमचे जाणेयेणे होते. घरातील वृद्ध गुरुजींची ऐंशीकडे वाटचाल चाललेली. आयुष्यभर त्यांनी मुलांना वेद शिकवला. अलीकडे मात्र शिकवणे जवळजवळ बंद होते. ‘गुरुजी तिरसट झाले’, असे शेजारी म्हणत. ‘गुरुजी आता चुका सांगत नाहीत’, असे जुने विद्यार्थी म्हणत. विश्वविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या त्यांच्या नातीने एके दिवशी आपल्या स्मार्टफोनवर त्यांच्या कानांची परीक्षा घेतली, आणि तेव्हापासून घरातल्या बोलण्याचा सूर पालटला. घटना लहान आहे. परंतु तिच्यामागे उभा असलेला इतिहास मोठा आहे, आणि त्यातला बराचसा काशीशी व मराठी माणसांशी निगडित आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

काशी ही कानाची नगरी आहे. ज्या विद्येला आपण ‘श्रुती’ म्हणतो तिचे नावच ऐकण्यावरून पडले. गुरूने म्हणावे, शिष्याने ऐकावे, शिष्याने म्हणावे आणि गुरूने पुन्हा ऐकावे, या चौघड्यावर ही परंपरा हजारो वर्षे चालत आली. उदात्त, अनुदात्त व स्वरित यांतला फरक कागदावरच्या रेघांनी दाखवता येतो; पण तो पारखावयाचा कानानेच. स्वर चुकला म्हणून वृत्रासुराच्या बाजूचा यज्ञ त्याच्यावरच उलटला, ही कथा पाठशाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. अशा विद्येत गुरूचा कान हीच शेवटची कसोटी. मग त्या कानाची कसोटी कोणी पाहावयाची?

वैद्यकाच्या परंपरेने या प्रश्नाकडे पाठ फिरवली नव्हती. सुश्रुतसंहितेत उपदेश करणारा दिवोदास धन्वंतरी हा काशीचाच राजा. त्या संहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग गणले आहेत. त्यांत कर्णनाद, कर्णशूल आणि बाधिर्य यांचा समावेश आहे. फाटलेली कानाची पाळी सांधण्याच्या पंधरा रीती सूत्रस्थानात सांगितल्या आहेत, आणि त्यांतूनच पुढे शरीरावरील कातडे वळवून व्यंग झाकण्याच्या शस्त्रक्रियेचा उगम मानला जातो. बाधिर्यावर बेलफळ गोमूत्रात वाटून सिद्ध केलेले बिल्वतैल कानात घालावे, असे आयुर्वेद सांगतो. ज्या नगरीत बेलाच्या पानांचा रोज डोंगर पडतो, तिला हे औषध शोभतेच. त्याचबरोबर लहान मुलांचे, वृद्धांचे आणि जुने झालेले बाधिर्य बरे होत नाही, असेही आयुर्वेदाचे ग्रंथ स्पष्ट बजावतात. हा प्रामाणिकपणा मोठा आहे. परंतु रोगाचे नाव सांगणे आणि रोगाचे माप घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किती ऐकू येते, कोणता स्वर येतो व कोणता येत नाही, हे मोजण्याचे साधन ना काशीत होते, ना जगात अन्यत्र.

माप नसले तरी निवाडा मात्र होत असे, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. मनुस्मृतीने जन्मांध व जन्मबधिर यांना पित्याच्या धनात वाटा नाकारला. त्यांनी अन्नवस्त्रावर समाधान मानावे, असा नियम झाला. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी विज्ञानेश्वराने लिहिलेल्या मिताक्षरेने हा नियम थोडा सौम्य केला: औषधोपचाराने दोष नाहीसा झाल्यास वाटा द्यावा, आणि अशा माणसाचे निर्दोष पुत्र वारस ठरावेत. हाच विषय काशीत नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूखा’त हाताळला. हे नीलकंठ म्हणजे पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातले, विश्वेश्वराच्या पुनःस्थापनेशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या नारायण भट्टांचे नातू. १६७४ मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडी आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. काशीत बसून एका मराठी पंडिताने लिहिलेला हा ग्रंथ पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला गेला, आणि १९२६ साली त्याची चिकित्सक आवृत्ती काढली ती आपल्याच पांडुरंग वामन काणे यांनी.

वाचकांपैकी ज्यांनी कधी न्यायासनावर बसून साक्षी ऐकल्या असतील, त्यांनी क्षणभर विचार करावा. एक भाऊ म्हणतो, हा जन्मापासून बहिरा आहे, याला वाटा नाही. दुसरा हातवारे करून म्हणतो, मला वाटा हवा. बहिरेपण जन्मजात आहे की लहानपणच्या आजाराने आलेले, पुरते आहे की अर्धवट, बरे होण्याजोगे आहे की नाही, यावर शेताचा तुकडा आणि घराचे दार अवलंबून! आणि पुरावा कसला? मागून हाक मारली तर वळत नसे, असे सांगणाऱ्या शेजाऱ्यांचा. १९२८ च्या कायद्याने जन्मजात वेड वा जडबुद्धी वगळता शारीरिक व्यंगामुळे हिंदू वारसाला डावलण्याची ही रीत बंद झाली. तोपर्यंत किती माणसांचे हिस्से अशा न मोजलेल्या बहिरेपणात बुडाले असतील, याचा हिशेब कोणाजवळही नाही.

हिशेबाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. सरकार बहिऱ्यांची मोजणी करीत होते. एकोणिसाव्या शतकातील पहिल्या जनगणनांपासून १९३१ पर्यंत वेडे, आंधळे, महारोगी यांच्याबरोबर मूकबधिरांचाही रकाना असे. परंतु गणकाला सूचना अशी, की जन्मापासून बहिरा व मुका असेल त्यालाच या रकान्यात घालावे. चाळिशीनंतर हळूहळू ऐकू येईनासे झालेला कारकून, भट्टीजवळ कान गमावलेला लोहार, नातवंडांचे बोलणे न कळणारी आजी, यांपैकी कोणीही त्या रकान्यात बसत नव्हते. सरकारदरबारी ते सर्व ऐकणारेच होते. १९४१ पासून तो रकानाच गेला. २००१ च्या जनगणनेत श्रवणदोषाची विचारणा झाली तेव्हा आकडा निघाला सुमारे साडेबारा लाख. दहाच वर्षांनी, २०११ मध्ये, तो पन्नास लाखांच्या वर गेला. दहा वर्षांत देश चौपट बहिरा झाला काय? मुळीच नाही, व्याख्या बदलली होती. २००१ मध्ये श्रवणयंत्र लावून ऐकणाऱ्याला वगळले होते, २०११ मध्ये त्याला घेतले. रोजचे बोलणे ऐकण्यास अडचण पडणाराही त्यात आला. फायलींशी ज्यांचा संबंध आहे त्यांना यातला बोध वेगळा सांगावयास नको. आपण जसे विचारतो, तसा देश दिसतो.

आता मापाचा इतिहास पाहू. १७११ साली इंग्लंडच्या राजदरबारातील जॉन शोर नावाच्या वादकाने दोन पात्यांचा नादकाटा तयार केला. तो होता वाद्ये जुळवण्यासाठी. शंभरावर वर्षांनी जर्मनीतल्या वैद्यांनी तो हाती घेतला: १८३४ मध्ये वेबर याने आणि १८५५ मध्ये रिने याने त्याच्या ज्या परीक्षा सांगितल्या, त्या आजही कानाच्या प्रत्येक डॉक्टराच्या मेजावर आहेत. काटा कपाळावर वा कानामागच्या हाडावर टेकवावा, मग कानापुढे धरावा, आणि कोठे जास्त ऐकू येते ते विचारावे. एवढ्यावरून दोष कानाच्या पडद्याकडचा आहे की आतल्या नसांकडचा, याचा अंदाज लागतो. पण ‘किती’ हा प्रश्न तरीही शिल्लकच राहिला.

त्याचे उत्तर आले ते टेलिफोनातून. येथे इतिहासाने एक सुंदर वळण घेतले आहे. १८७६ मध्ये टेलिफोनाचे हक्क मिळवणारे अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे धंद्याने बहिऱ्यांचे शिक्षक होते. त्यांची आई बहिरी, पुढे पत्नीही बहिरी. बहिऱ्या मुलांना आवाजाचे रूप कसे दाखवावे, या ध्यासातून त्यांचे प्रयोग सुरू झाले होते. याच बेल यांनी बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेला विरोध केला, ही गोष्ट बधिर समाज अजून विसरलेला नाही, आणि ती लपवण्याचे कारणही नाही. परंतु त्यांच्या यंत्राने जे केले ते खरेच. टेलिफोन निघाल्यावर तीन वर्षांतच, १८७९ मध्ये, डेव्हिड ह्यूज याने टेलिफोनाचा कर्णा आणि विजेची वेटोळी जोडून आवाज कमीजास्त करता येईल असे यंत्र तयार केले, आणि त्याला ‘ऑडिओमीटर’, म्हणजे श्रवणमापक, हे नाव पडले. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे टेलिफोनची केंद्रे सुरू झाली ती १८८२ मध्ये. म्हणजे आपल्या देशात टेलिफोनवरून पहिला व्यापार होण्याआधीच टेलिफोनने कान मोजावयास आरंभ झाला होता. पुढे आवाजाच्या मापालाही बेल यांचेच नाव मिळाले: डेसिबल. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य डेसिबल. साधे बोलणे साठाच्या आसपास.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शाळांत एक नवे यंत्र आले. ग्रामोफोनच्या तबकडीवर कोणी आकडे वाची. चाळीस मुले कानाला कर्णे लावून बसत. आवाज पायरीपायरीने लहान होत जाई आणि मुले ऐकलेले आकडे कागदावर लिहीत. कोणत्या पायरीवर मुलाचा हात थांबला, त्यावरून त्याचे कान कळत. डॉक्टरांनी एकेका मुलाची घटका-घटका तपासणी करण्याऐवजी सबंध वर्ग एकदम चाळणीतून निघे. वाचकांनी ही ग्रामोफोनची तबकडी लक्षात ठेवावी. शंभर वर्षांनी ती आपल्या खिशात पुन्हा भेटणार आहे.

कानाच्या आत शंखासारखी एक वेटोळी नळी असते. तिच्यात आवाजाची लाट कशी धावते, हे दाखवल्याबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उंच स्वर शंखाच्या दाराशीच ओळखले जातात, खालचे स्वर अगदी आत, टोकापाशी. वयाने किंवा गोंगाटाने झीज होते ती प्रथम दाराशी. म्हणून माणसाचे उंच स्वर आधी जातात. आता बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ऊ, हे खालच्या पट्टीतले व दमदार. पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली व हलकी. म्हणून म्हाताऱ्या माणसाची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसतेच. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ अशी असते. बनारसी हिंदीत कमी ऐकणाऱ्याला ‘ऊँचा सुनते हैं’ असे म्हणतात. त्या ‘ऊँचा’चा अर्थ मोठा आवाज, पण गंमत अशी, की गमावलेला असतो तो नेमका उंच स्वरच. अशा माणसापुढे ओरडण्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने जेथल्या तेथे राहतात, आणि दोघांचीही चिडचिड वाढते.

आता आजच्या फोनकडे येऊ. फोनवरील श्रवणचाचण्या मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिलीत हेडफोन लावून निरनिराळ्या पट्ट्यांतले शुद्ध स्वर ऐकवतात, ५०० पासून ४००० हर्ट्झपर्यंत किंवा त्याहून वर, आणि ऐकू आला की पडद्यावर बोट टेकवावयाचे. ही चाचणी दवाखान्यातल्या यंत्राची धाकटी बहीण आहे. परंतु हेडफोन कोणता, फोन कोणता, खोली किती शांत, यांवर तिचे खरेखोटेपण अवलंबून असते. दुसरीत तीन तीन आकडे ऐकवतात आणि मागे खरखर चालू असते. आकडे बरोबर आले की खरखर वाढते, चुकले की कमी होते. हिची युक्ती अशी, की येथे आवाज एकंदर मोठा की लहान याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते शब्द आणि खरखर यांच्या प्रमाणाला. म्हणून साध्या फोनवरही ती बऱ्यापैकी विश्वसनीय ठरते. नेदरलंड्समध्ये २००३ साली ती साध्या टेलिफोनवरून लोकांसाठी खुली झाली. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाच्या विश्वविद्यालयातील संशोधकांनी २०१६ मध्ये ती स्मार्टफोनवर देशभर आणली. आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपले ‘हिअरडब्ल्यूएचओ’ हे ॲप काढले. ग्रामोफोनच्या तबकडीवरचे आकडे अशा रीतीने परत आले.

अशी चाळणी हवी कशाला, हे समजण्यासाठी एक आकडा पुरेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे जगात दीडशे कोटींहून अधिक माणसांना कमीअधिक श्रवणदोष आहे. त्यांपैकी त्रेचाळीस कोटींना तो इतका आहे, की उपचाराची गरज आहे. ध्वनिरोधक खोली, प्रमाणित यंत्र आणि प्रशिक्षित तपासनीस इतक्या माणसांपर्यंत पोहोचणे कठीण. फोन मात्र पोहोचलेलाच आहे. आपल्याकडे बधिरता प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ च्या सुमारास पंचवीस जिल्ह्यांत प्रायोगिक रूपाने सुरू झाला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या कानांची तपासणी आली. मुलांच्या बाबतीत उशीर फार महाग पडतो, कारण भाषा येते ती पहिल्या काही वर्षांतच. आणि वृद्धांच्या बाबतीत? ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये श्रवणदोषाची गणना स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केली. ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याची बुद्धीही हळूहळू बोलेनाशी होते.

काशीपुरते बोलावयाचे तर कानांना धोका देणाऱ्या गोष्टींची तेथे वाण नाही. मदनपुरा, अलईपुरा, बजरडीहा या विणकरांच्या वस्त्यांत हातमागाची खटखट मागे पडून यंत्रमागांचा खडखडाट सुरू झाला, त्याला बरीच वर्षे लोटली. एका खोलीत चार यंत्रमाग चालत असले, की शेजारच्या माणसाशी बोलावयास ओठांकडे पाहावे लागते. आणि मूल तेथेच झोपते, तेथेच अभ्यास करते. ज्या कारखान्यातून १९६४ मध्ये पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले, आणि २०२० पासून जो बनारस रेलइंजिन कारखाना म्हणून ओळखला जातो, तेथे नोकरी केलेल्या रेल्वेतील वाचकांस इंजिनाच्या आवाजाची कल्पना आहेच. कारखान्यांसाठी आपल्याकडे आठ तासांस नव्वद डेसिबलची मर्यादा आहे. पण घरातल्या यंत्रमागाला कारखान्याचा नियम लावणार कोण? २००० सालच्या ध्वनिनियमांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा पंचावन्न व रात्री पंचेचाळीस डेसिबल ठरवले. लग्नसराईत बनारसच्या कोणत्याही गल्लीत उभे राहून हा नियम आठवावा, म्हणजे करमणूक होते. आणि जो फोन कानांची परीक्षा घेतो, तोच तरुणांच्या कानांत तासन्‌तास मोठ्याने गात असतो, हेही विसरून चालणार नाही.

आता गुरुजींकडे परत जाऊ. नातीने प्रथम आकड्यांची चाचणी लावली. ॲप इंग्रजीतले होते. निकाल इतका वाईट आला, की घर घाबरले. पण गुरुजींनी जन्मात इंग्रजी आकडे मोजले नव्हते! परीक्षा कानाची झाली, की भाषेची? येथे आम्हांला एक गोष्ट सुचली. तुम्हीआम्ही परप्रांतात बाजारहाट करतो ती हिंदीत मोजून, जप करतो तो मराठीत मोजून. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत मुले पाढे हिंदीतच म्हणतात. माणूस अंतःकरणात कोणत्या भाषेत मोजतो, हे कळल्यावाचून आकड्यांची चाचणी त्याला लावू नये. शिवाय ही चाचणी एका भाषेतून दुसरीत नुसती उलथता येत नाही. हिंदीत एकपासून नऊपर्यंत सारे आकडे एका अक्षराघाताचे. मराठीत ‘सहा’ आणि ‘नऊ’ दोन आघातांचे, म्हणून ते लांबीवरूनच ओळखू येतात. उलट ‘चार’, ‘पाच’, ‘सात’, ‘आठ’ या चारींत एकच ‘आ’. व्यंजने गेली, की चारी आकडे सारखे. प्रत्येक भाषेने आपले आकडे स्वतः मोजूनमापून चाचणीत बसवावे लागतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे, गल्ली जागी होण्यापूर्वी, आतल्या खोलीत स्वरांची चाचणी झाली. गुरुजी डोळे मिटून बसले. खालचे स्वर सुरू झाले तसे बोट पडद्यावर नेमके पडू लागले. पट्टी चढत गेली, आणि एका ठिकाणी बोट थांबले. स्वर वाजत होता, नातीला तो शेजारी बसूनही हेडफोनमधून झिरपताना ऐकू येत होता. आजोबा शांत होते. ‘संपले का?’ त्यांनी विचारले. नातीने काही उत्तर दिले नाही.

पुढे कानाच्या डॉक्टरांकडे रीतसर तपासणी झाली. प्रथम दोन्ही कानांतला मळ निघाला, ज्याचे निदान कोणत्याही ॲपला करता आले नसते. मग मोठ्या यंत्रावर आलेख निघाला, आणि तो फोनच्या निकालाशी बराच जुळला: खालच्या पट्ट्यांत रेघ जवळजवळ सरळ, २००० हर्ट्झच्या पुढे ती कड्यावरून उतरावी तशी उतरलेली. डॉक्टरांनी आलेख समजावून सांगितला तेव्हा गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे उदात्त-अनुदात्त मला अजून कळतात. मुले श आणि स यांत चुकतात, ते कळत नाही.’

ज्यांनी संस्कृताची प्राथमिक पोथी उघडली आहे, त्यांस ‘स्वजन’ आणि ‘श्वजन’ यांतले अंतर ठाऊक आहे: एक आप्त, दुसरे कुत्रे. ‘सकल’ म्हणजे सारे, ‘शकल’ म्हणजे तुकडा. स्वराचा कान शाबूत असताना व्यंजनाचा कान जावा, ही वैदिकाच्या आयुष्यातली केवढी विटंबना! गुरुजींना आपली शंका आधीच आली होती, हे त्या दिवशी उघड झाले. मुलांच्या चुका कळेनाशा झाल्या, तेव्हा चुकीचा पाठ आपल्या नावावर पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी शिकवणेच थांबवले होते. कारण कोणाला सांगितले नाही. घरच्यांनी त्याला तिरसटपणा म्हटले, विद्यार्थ्यांनी उदासीनता म्हटले. ती त्यांची प्रामाणिकता होती. हे समजल्यावर सूनबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि एक जुना विद्यार्थी, जो स्वतः आता शिकवतो, येऊन पाया पडला.

श्रवणयंत्र आले. पहिले काही आठवडे ते डबीतच राहिले. भांड्यांचा आवाज कानात खुपतो, अशी तक्रार होती, आणि ती खरीही होती, कारण इतकी वर्षे झोपलेले उंच स्वर एकदम जागे झाले की मेंदू गांगरतो. सवय हळूहळू लागते, यंत्र पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे लागते, हे डॉक्टरांनी सांगितले म्हणून घराने धीर धरला. यंत्राने तारुण्याचा कान परत मिळत नाही, हेही खरे. आम्ही काशी सोडली तेव्हा गुरुजी सकाळी एकाच विद्यार्थ्याला समोर, उजेडात, ओठ दिसतील असे बसवून ऐकत होते. श आणि स यांबद्दल शंका आली, की तो जुना विद्यार्थी शेजारी असेच. ते त्याच्याकडे पाहत, आणि तो मान हलवी.

फोनवरील चाचणीबद्दल आमचे मत एवढेच आहे. तिला निदान समजू नये. ती उंबरठ्यावरची हाक आहे. निकाल चांगला आला तरी कान दुखत असेल, वाहत असेल, एकाच कानाने ऐकू येईनासे झाले असेल, किंवा ऐकणे अचानक गेले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. निकाल वाईट आला तरी घाबरू नये. खोली शांत होती का, भाषा आपली होती का, हे आधी पाहावे, आणि मग तपासणीस जावे. सरकारी प्रमाणपत्र हवे असल्यास फोनचा निकाल उपयोगी नाही. २०१६ च्या कायद्याने दोन्ही कानांत साठ डेसिबलपासूनच्या दोषाला अपंगत्व मानले आहे, आणि ते माप प्रमाणित यंत्रावरच घ्यावे लागते. पण त्या मापापर्यंत पोहोचण्याआधीची जी वर्षानुवर्षांची वाट असते, जिच्यात माणूस घरात असून घरातून उठून जातो, ती वाट हा फोन आखूड करू शकतो.

सुश्रुताच्या परंपरेने बाधिर्याचे नाव सांगितले, धर्मशास्त्राने त्याचा दंड दिला, जनगणनेने त्याचा अर्धाच हिशेब ठेवला. मोजावयास शिकवले ते बहिऱ्यांच्या एका शिक्षकाच्या यंत्राने, आणि ते यंत्र आज आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. तेव्हा पुढच्या रजेत गावी जाल तेव्हा एक काम करावे. रविवारच्या फोनवर ‘हो, हो’ म्हणणाऱ्या वडिलांपुढे, सकाळच्या शांत वेळी, त्यांच्या भाषेतली चाचणी लावून शेजारी बसावे. आधी मात्र स्वतःच्या कानांची परीक्षा त्यांच्यादेखत द्यावी, म्हणजे त्यांना ती शिक्षा वाटणार नाही.